बीम्स: लेखाशाखेच्या प्रमुखाने वापरून पाहावी अशी नाही, वापरावीच लागते अशी प्रणाली

महाराष्ट्र शासनाच्या बीम्स (BEAMS) या अर्थसंकल्प आणि अनुदान वाटपाच्या संगणक प्रणालीतलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे खर्चाला लावलेला लगाम. विभागाकडून नियंत्रण अधिकारी, तिथून आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयाची देयकं काढणारा) असं अनुदान खाली उतरतं. शिल्लक नसेल तर प्राधिकारपत्र, म्हणजे तेवढी रक्कम खर्चायची बीम्समधली परवानगी, निघतच नाही, आणि त्याशिवाय कोषागार देयक घेत नाही. 'आधी खर्च, मग तरतूद' हा जुना खेळ इथे बंद.

खरी गोची प्राधिकारपत्र निघाल्यावर सुरू होते. ते काढलं की रक्कम शिलकीतून वजा होते. देयक आक्षेप लागून परत आलं आणि जुनं पत्र रद्द करायचं राहिलं, तर पैसा तिथेच अडकतो. '१३ कार्यालयीन खर्च' या खर्चाच्या बाबीखाली शिल्लक का दिसत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा या पडून राहिलेल्या पत्रांत सापडतं. दर सोमवारी ती यादी काढायचं काम एका लिपिकाला नावानिशी द्या.

आठ अंकी योजना संकेतांक, म्हणजे खर्च कोणत्या योजनेवर टाकायचा तो क्रमांक, नीट तपासा. पहिले चार अंक मुख्य लेखाशीर्षाचे (खर्चाच्या मोठ्या गटाचे), ते सहसा चुकत नाहीत. घोळ शेवटच्या चारांत होतो. मग चूक थेट महालेखापालांच्या हिशेबाशी होणाऱ्या ताळमेळात उगवते आणि दुरुस्तीची पत्रं लिहिता लिहिता महिने जातात.

अहवाल भरपूर, मांडणी रुक्ष. आठमाही सुधारित अंदाजाला (आठ महिन्यांच्या खर्चावरून वर्षाचा नव्याने मांडलेला अंदाज) आकडे उपयोगी पडतात, पण दायित्वाची (द्यायच्या बाकी रकमांची) नोंदवही स्वतंत्रच ठेवा. बीम्सला पुरवठादाराचं टेबलावर पडलेलं बिल दिसत नाही. आणि मार्चअखेरच्या गर्दीत लॉगिनची वाट बघायची नसेल, तर मोठी देयकं फेब्रुवारीतच काढा.