ग्रामर चेकर : भाषांना पकडतो, विषयांना सोडतो

भाचीचं अ‍ॅडमिशनचं इंग्रजी पत्र तपासायचं होतं म्हणून एक ग्रामर चेकर घेतला, फ्री वाला नाही, पैसे भरून, आणि दोन महिने झाले रोज वापरतेय. स्पेलिंगबद्दल सगळेच लिहितात, ते ठीकच आहे, मी फक्त कॅपिटल अक्षरांबद्दल लिहिते कारण आपली खरी गडबड तिथेच होते. देवनागरीत मोठं अक्षर लहान अक्षर असं काही नाहीच, त्यामुळे हाताला ती सवय नसते, मग एकतर जरा महत्त्वाचा शब्द दिसला की कॅपिटल नाहीतर कशालाच नाही.

भाचीने लिहिलेलं, मला इंग्लिश, हिस्टरी आणि बायॉलॉजी आवडतं. त्यात इंग्लिशचा ई स्मॉल आणि हिस्टरीचा एच, बायॉलॉजीचा बी कॅपिटल. म्हणजे बरोब्बर उलटं! भाषेचं नाव वाक्यात कुठेही येवो, कॅपिटलच, कारण ते विशेषनाम. विषय मात्र साधे शब्द, मध्ये आले की स्मॉल. म्हणून इंग्लिश लिटरेचरमध्ये ई कॅपिटल आणि एल स्मॉल.

चेकरने ई लगेच लाल केला. मग मी मुद्दाम दहा भाषा स्मॉलमध्ये टाइप करून बघितल्या तर नऊ पकडल्या, मराठी आणि संस्कृतसुद्धा, याचं खरंच कौतुक वाटलं. सुटली ती पोलिश. पोलिश भाषा आणि बुटाचं पॉलिश, उच्चार वेगळा पण इंग्रजी अक्षरं तीच, फरक फक्त पहिल्या पी चा, तिथे तो गप्प बसला.

पण हिस्टरी आणि बायॉलॉजीला त्याने हातच लावला नाही. भाची म्हणाली, मावशी लाल रेघ नाही म्हणजे बरोबरच ना? हाच तर धोका आहे, कारण चुकून मोठं केलेलं अक्षर त्याला दिसतच नाही. त्याची अडचण मला कळते, कोर्सचं नाव असेल तर, जसं इंट्रोडक्शन टू अल्जिब्रा किंवा हिस्टरी १०१, तिथे कॅपिटलच बरोबर, आणि नुसता शब्द बघून हे ठरवता येत नाही. पण निदान विचारा तरी, की हा विषय आहे का कोर्सचं नाव, एवढं पुरलं असतं.

दुसरी तक्रार, कारण सांगत नाही. कॅपिटल करा, बस. ती फ्रेंच शिकतेय आणि फ्रेंचमध्ये भाषेचं नाव स्मॉलच लिहितात, स्पॅनिशमध्ये पण, इंग्रजीतली तिची चूक बहुतेक तिथूनच आली. एका ओळीत कारण दिलं असतं तर दुसऱ्या पत्रात तीच चूक झाली नसती, ती झाली.

पाचपैकी तीन स्टार. भाषांच्या नावांसाठी बिनधास्त घ्या, विषय मात्र स्वतः बघा. आम्ही शेवटी प्रिंट काढून पेन्सिल घेऊन बसलो, तर भाचीने जोशात डिपार्टमेंट ऑफ फिजिक्समधला पी पण स्मॉल करून टाकलेला, ते त्या विभागाचं नाव आहे बाळा म्हणून तो परत कॅपिटल करायला लावला.