उपनगरात ओळखी जोडण्यासाठी मीटअप आणि इतर ॲप : काही महिन्यांच्या वापरानंतर

उपनगरात राहायला येऊन वर्ष-दोन वर्षं झाली, ऑफिसबाहेर ओळख नाही, शेजाऱ्यांशी बोलणं मान हलवण्यापुरतं, अशा तिशी-चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांसाठी हा अनुभव लिहितो आहे. वापर मुख्यतः मीटअपचा, म्हणजे आवडीनुसार जवळचे गट आणि त्यांचे कार्यक्रम शोधून देणाऱ्या संकेतस्थळाचा आणि ॲपचा. त्याच्या जोडीला फेसबुकवरचे स्थानिक ग्रुप, बंबल या जोडीदार शोधायच्या ॲपचं मैत्रीसाठीचं वेगळं ॲप आणि कार्यक्रमांची तिकिटं देणारं इव्हेंटब्राइट. ही सगळी काही महिने नेमाने वापरल्यावर एक मत पक्कं झालं आहे : कार्यक्रम किती छान दिसतो यापेक्षा तो पुन्हा कधी आहे हे आधी बघावं. ॲप चांगलं की वाईट, गट घ्यायचा की सोडायचा, हे सगळं या एका प्रश्नावर ठरतं.

यामागे साधा हिशेब आहे. जेफ्री हॉल या अमेरिकन अभ्यासकाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले अंदाजे ५० तास लागतात, खरी मैत्री व्हायला ९० च्या आसपास आणि जवळची मैत्री व्हायला २०० हून जास्त. आता दोन तासांचा कार्यक्रम धरा. तो दर आठवड्याला असेल तर ५० तास सहा महिन्यांत भरतात. पंधरा दिवसांनी असेल तर वर्ष लागतं. महिन्यातून एकदाच असेल तर दोन वर्षं उलटतात आणि तोवर निम्मी माणसं बदललेली असतात. दर वेळी नव्या गटाचा नवा कार्यक्रम गाठणाऱ्याचे तास तर कुणाच्याच खात्यावर जमा होत नाहीत. कार्यक्रमांना भरपूर जाऊनही कुणी जवळचं झालं नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

उपनगरात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण तिथे न ठरवता होणाऱ्या गाठीभेटी फार कमी. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तळमजल्यावर जिन्याशेजारी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्या लोकांशी जास्त मैत्री झालेली आढळली. स्वभाव तेच, फक्त येता-जाता गाठ पडत होती. गाडीतून थेट घरात आणि घरातून थेट गाडीत, असं जिथे रोजचं जगणं आहे तिथे हा जिना कुठेच नसतो. तो वेळापत्रकातच बांधावा लागतो.

आता मीटअपबद्दल. हे संकेतस्थळ २००२ पासून चालू आहे. गट चालवण्यासाठी आयोजक वर्गणी भरतो, सामान्य सदस्याला सामील होणं बहुतेक गटांत मोफत असतं. ॲप पहिल्यांदा उघडलं की उपनगरातला माणूस निराश होतो, कारण समोर येणारे जवळपास सगळे कार्यक्रम मुख्य शहराच्या मध्यवर्ती भागातले असतात. म्हणून ठिकाण म्हणून शहराचं नाव न घालता आपल्या उपनगराचं नाव किंवा पिनकोड घालावा. अंतराची मर्यादा सगळ्यात कमी ठेवावी आणि ऑनलाइन कार्यक्रम फिल्टर लावून काढून टाकावेत. यादी एकदम आठ-दहा कार्यक्रमांवर येते. घाबरू नये, कामाची यादी तीच. अंतर किलोमीटरमध्ये न मोजता कामाच्या दिवशी संध्याकाळी लागणाऱ्या वेळेत मोजावं. एका बाजूचा प्रवास वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त झाला की पहिल्या दोन आठवड्यांचा उत्साह ओसरल्यावर जाणं थांबतं. पाऊस, उशिरा संपलेली मीटिंग, घरातलं आजारपण, यांपैकी एक कारण पुरतं.

गटाची सदस्यसंख्या बघण्यात अर्थ नाही. दोन हजार सदस्यांच्या गटात नेमाने येणारे दहा असू शकतात, कारण कित्येक वर्षांपूर्वी सामील होऊन विसरलेले लोकही त्या आकड्यात धरलेले असतात. बघायचं असतं ते असं. गटाच्या पानावर आधी झालेल्या कार्यक्रमांचा भाग असतो. त्यातले शेवटचे तीन कार्यक्रम एकामागून एक उघडा आणि येणाऱ्यांची नावं ताडून बघा. बारा नावांपैकी चार-पाच नावं तिन्ही यादीत असतील तर गटाला गाभा आहे. दर वेळी सगळीच नावं नवी असतील आणि फक्त आयोजक तोच, तर तिथे कुणी टिकत नाही असं समजावं. काही गटांत ही यादी पूर्ण दिसत नाही. तिथे फोटो आणि कार्यक्रमानंतरच्या प्रतिक्रिया वाचाव्यात. ‘पुढच्या मंगळवारी भेटू’ अशी एक ओळ पंधरा पंचतारांकित शेऱ्यांपेक्षा जास्त सांगते. शेवटचा कार्यक्रम होऊन दोन महिने उलटले असतील तर गट बंद पडल्यात जमा आहे.

मोफत कार्यक्रमात ‘येणार’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण येत नाहीत, हे आधीच गृहीत धरावं. बटण दाबायला काही लागत नाही, म्हणून लोक शक्यता म्हणून दाबून ठेवतात. याचा उलटा फायदाही आहे. प्रतीक्षा यादीत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असाल तर आशा सोडू नका, आदल्या संध्याकाळी जागा सुटतात. आपल्याला जमणार नसेल तर मात्र नाव वेळेत काढावं. आठ जणांच्या खेळात दोघे न सांगता गायब झाले की पूर्ण संध्याकाळ कोलमडते, आणि आयोजक ती नावं लक्षात ठेवतात.

कोणत्या प्रकारचा कार्यक्रम निवडायचा, यावर माझं मत ठाम आहे. हातात पेला धरून उभ्याने गप्पा मारायचे ‘ओळख मेळावे’ ज्याला आधीच बोलता येतं त्याच्यासाठी असतात. बाकीच्यांनी हाताला किंवा पायाला काम असणारे कार्यक्रम घ्यावेत : बॅडमिंटन, चालणं, समूहगायन, बोर्ड गेम, झाडं लावणं, भाषेचा वर्ग. रॉबिन डनबर हे ब्रिटिश अभ्यासक आणि त्यांचे सहकारी यांच्या १९९५ च्या निरीक्षणानुसार मोकळ्या गप्पांचं वर्तुळ साधारण चार माणसांपर्यंतच टिकतं, पाचवा आला की त्याचे दोन भाग पडतात. म्हणून वीस जणांच्या लांबलचक टेबलावर टोकाला बसलेला नवखा माणूस दोनच शेजाऱ्यांशी बोलून घरी जातो. चालण्याच्या गटात ही अडचण आपोआप सुटते. दोघे-तिघे शेजारी चालतात, चढ आला की क्रम बदलतो, बोलणं संपलं तर गप्प चालणंही खटकत नाही. बोर्ड गेममध्ये नवख्याने मोठे, तीन तासांचे खेळ टाळावेत, त्यात सगळ्यांचं डोकं पटावर असतं. अर्ध्या-पाऊण तासाचे, चार-पाच जणांचे खेळ घेतले तर एका बैठकीत टेबलं बदलतात.

समूहगायनाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण गळा चांगला नाही म्हणून लोक ते उगाच वगळतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढांच्या वर्गांचा सात महिने मागोवा घेतला होता. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. गाणाऱ्यांमध्ये जवळीक सगळ्यात लवकर आली. सात महिन्यांच्या अखेरीस मात्र सगळेच वर्ग जवळपास सारखे झाले होते. लाजऱ्या माणसाला पहिले काही आठवडेच जड जातात आणि गाणं नेमकं तिथे मदतीला येतं. पण नेमाने जात राहिलं तर लेखनाचा किंवा हस्तकलेचा वर्गही तिथेच पोहोचवतो, ही यातली दिलासा देणारी गोष्ट.

पहिल्या वेळेची तयारी. आदल्या दिवशी आयोजकाला तीन प्रश्नांचा छोटा मेसेज करावा : नेमकं कुठे उभं राहायचं, नेहमीचे साधारण किती जण येतात, आणि नवखा आहे, कुणाला शोधू? उत्तर आलं तर गट जिवंत आहे आणि तुमचं नाव एका माणसाला आधीच माहीत झालं. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचावं. तेव्हा आयोजक आणि एखाद-दुसराच आलेला असतो, खुर्च्या मांडायच्या असतात, नेट बांधायचं असतं. त्यात हात घातला की ओळख करून द्यावी लागत नाही. वीस मिनिटं उशिरा पोहोचलात तर वर्तुळं बंद झालेली असतात आणि पाठींकडे बघत उभं राहावं लागतं. संपल्यावर लगेच निघू नये. खरी बोलणी सामान आवरताना आणि गाड्यांपाशी होतात. पहिल्या वेळेवरून गटाला नापास करू नये, निदान चार वेळा जावं. तिसऱ्या-चौथ्या वेळी लोक नावाने हाक मारू लागतात आणि गट खरा कसा आहे ते तेव्हाच कळतं.

गटातली ओळख गटाबाहेर नेणं ही पायरी ॲप करून देत नाही, आणि बहुतेक जण इथेच अडकतात. ‘भेटू या कधीतरी’ याला काही उत्तर नसतं. दिवस, वेळ, जागा आणि किती वेळ, हे चारही मेसेजमध्ये हवं : ‘रविवारी सकाळी सातला तलावाला एक फेरी, तासाभरात परत, येणार का?’ भेटीनंतर दोन दिवसांच्या आत पाठवलं तर संदर्भ ताजा असतो. समोरच्याला आपण फारसे आवडलो नसू, असं वाटून लोक हा मेसेज पाठवत नाहीत. २०१८ मध्ये एरिका बूथबी या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पहिल्या संभाषणानंतर माणसं समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज पद्धतशीरपणे कमी धरतात. दोन्ही बाजू तसं धरतात, म्हणून दोघेही वाट बघत बसतात. पाठवावा मेसेज.

बाकी ॲपबद्दल थोडक्यात. बंबलचं मैत्रीचं ॲप २०२३ पासून स्वतंत्र मिळतं. एकास एक भेटीसाठी बरं, पण उपनगरात जवळचे चेहरे लवकर संपतात आणि चॅट लांबलं की भेट होत नाही. पाच-सहा मेसेजच्या आत दिवस ठरवावा, नाहीतर सोडून द्यावं. इव्हेंटब्राइट तिकीट असलेल्या एकदाच्या कार्यशाळांसाठी. तिथे एका दिवसाची कार्यशाळा न घेता सहा-आठ आठवड्यांचा वर्ग शोधावा. फेसबुकचे स्थानिक ग्रुप गोंगाटाचे असतात, तरी उपनगरातले जुने गट, म्हणजे खेळाचे क्लब आणि ग्रंथालयातले वाचनगट, मीटअपवर कधी येतच नाहीत आणि इथे सापडतात. ग्रंथालय, समाजमंदिर आणि क्रीडासंकुल यांचे सूचनाफलकही प्रत्यक्ष जाऊन वाचावेत. पन्नाशीपुढच्यांच्या बऱ्याच गटांची माहिती अजून अशा कागदी सूचनांवरच मिळते.

काय बिघडतं तेही सांगायला हवं. गट बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे एकच आयोजक. तो दमला, त्याची बदली झाली किंवा त्याने वर्गणी भरणं थांबवलं की पुढे कुणीतरी गट हाती घ्यावा लागतो, नाहीतर तो जातो. म्हणून नेहमीच्यांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप असणं गरजेचं, आणि त्यात फक्त वेळ, जागा आणि कोण येणार एवढंच. शुभेच्छांचे फॉरवर्ड सुरू झाले की लोक ग्रुप म्यूट करतात आणि जागा बदलल्याचा मेसेज कुणी वाचत नाही. दुसरा त्रास विक्रीचा. वर्णनात ‘आर्थिक स्वातंत्र्य’, ‘संधी’, ‘मर्यादित जागा’ असे शब्द असतील, आयोजकाच्या नावावर वेगवेगळ्या भागांत तसलेच गट असतील, तर तो साखळी योजनेचा सापळा असण्याची शक्यता दाट. तिसरा, मैत्रीच्या गटात जोडीदार शोधणारे. चांगला आयोजक याबद्दलचा नियम वर्णनातच लिहितो आणि तक्रार आली की माणसाला काढतो. नियम लिहिलेला नसेल तर विचारावं.

सुरक्षिततेत हयगय नको. पहिल्या काही भेटी सार्वजनिक जागीच. येणं-जाणं स्वतःच्या सोयीने, कुणाच्या गाडीतून नाही. घरच्या किंवा विश्वासाच्या एका माणसाकडे जागा, परतायची वेळ आणि लाइव्ह लोकेशन. प्रोफाइलवर पूर्ण नाव, ऑफिस आणि घराचा फोटो टाकू नये. आधी पैसे मागणाऱ्या अनोळखी आयोजकाला फक्त ॲपमधूनच द्यावेत किंवा जागेवर.

आणि नीट शोधूनही जवळ काहीच सापडलं नाही तर स्वतः सुरू करावं. हे वाटतं त्यापेक्षा सोपं आहे, आराखडा मात्र घट्ट हवा. लंडनच्या बुशी पार्कात २ ऑक्टोबर २००४ रोजी १३ धावपटूंनी सुरू झालेला पार्करन हा दर आठवड्याचा धावण्याचा उपक्रम आज अनेक देशांत चालतो, कारण त्यात ठरवायचं काही उरलेलंच नाही : ठरलेला वार, ठरलेली वेळ, तेच पाच किलोमीटर, शुल्क नाही, काम स्वयंसेवकांचं. तसंच करावं. दोन आयोजक, म्हणजे एक आजारी पडला तरी दुसरा हजर. एकच जागा, एकच वार, दीड तास, आणि संपायची वेळ जाहीर. शनिवार किंवा रविवार सकाळ उत्तम. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला नोकरदार वाटेतच असतो, साडेआठला लहान मुलांचे आईबाप अडकतात. चार आठवड्यांच्या तारखा एकदम जाहीर कराव्यात. मर्यादा बारा जणांची ठेवावी, म्हणजे गळती धरून आठ येतात. आदल्या संध्याकाळी आठवण, नव्या माणसासाठी एक नेमलेला यजमान, पहिले काही महिने नावाच्या पट्ट्या. आणि वर्णनातच लिहून टाकावं की तिघे आले तरी कार्यक्रम होईल. एकदा जरी ‘आज कमी जण आहेत म्हणून रद्द’ झालं, की पुढच्या वेळी प्रत्येक जण निघण्याआधी बाकीच्यांची वाट बघतो. तीन महिने न चुकवता चालवावं, मग ठरवावं पुढे न्यायचं की नाही.