बीव्हरचं कातडं पांघरलेलं सेसना

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० या संगणकावर विमान उडवायच्या खेळासाठी (आम्ही त्याला सिम म्हणतो) "खऱ्या मॅन्युअलवरून बनवलेलं डी हॅविलँड बीव्हर" हे विमान अशी जाहिरात करून १,८०० रुपयांना विकलं गेलेलं एक पॅकेज आमच्या गटात चौघांनी घेतलं. ते बीव्हर नव्हतं. सांगाडा बीव्हरचा, आतली आकडेवारी सिमसोबतच मिळणाऱ्या सेसना १७२ या छोट्या विमानाची, आणि त्यावर ४५० अश्वशक्तीचं इंजिन बसवलेलं. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात गेले ते गेलेच. विक्रेता उद्या दुसऱ्या नावाने दुसरं विमान विकेल, त्यामुळे त्याच्या नावापेक्षा माल कसा पारखायचा हे जास्त महत्त्वाचं आहे.

बुश प्लेनमध्ये, म्हणजे बीव्हरसारख्या रानावनात उतरणाऱ्या विमानांत, ही फसवणूक लवकर लक्षात येत नाही, आणि त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. या विमानांची ख्यातीच मुळी आखूड धावपट्टीवरून उडण्याची आणि नदीकाठच्या वाळूवर उतरण्याची. आत वजन चुकीचं, म्हणजे कमी भरलेलं असेल, तर विमान तीनशे फुटांत हवेत जातं, हळूहळू तरंगत येतं, कुठेही टेकतं. घेणाऱ्याला वाटतं, वा, हेच तर बुश प्लेन! प्रवासी जेट असं वागलं असतं तर पहिल्याच उड्डाणात शंका आली असती. इथे चूक हाच गुण वाटतो. आमच्यातही पहिले तीन दिवस सगळे खूश होते.

खरं बीव्हर १६ ऑगस्ट १९४७ रोजी टोरांटोजवळच्या डाउन्सव्ह्यूहून पहिल्यांदा उडालं. ते कॅनडाच्या उत्तरेकडच्या कामांसाठी बनलेलं, तेलाचं पिंप दारातून आत घेता यावं इतकं रुंद दार असलेलं. प्रॅट अँड व्हिटनीचं नऊ सिलिंडरचं आर-९८५ इंजिन, रिकामं वजन सुमारे ३,००० पाउंड, भरल्यावर जास्तीत जास्त ५,१०० पाउंड. ते दणकट आहे, पण हलकं अजिबात नाही. पूर्ण भरलेलं बीव्हर ओझं वाहतंय हे हाताला कळायलाच हवं.

म्हणून पहिली परीक्षा वजनाची. आयडाहोमधलं जॉन्सन क्रीक हे गवताचं मैदान निवडा: ३,४०० फूट लांब, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,९०० फूट उंच. हवामान स्वतः ठरवा, वारा शून्य आणि तापमान ३० अंश. त्या उंचीवर प्रमाण तापमान साधारण ५ अंश असतं. वरच्या प्रत्येक अंशाला १२० फूट धरले तर विमानाला जाणवणारी उंची जवळजवळ ७,९०० फूट होते. वजन ५,१०० पाउंडांपर्यंत भरा आणि पूर्ण थ्रॉटलवर निघा. चाकं सुटली की पॉज दाबून बाहेरच्या कॅमेऱ्यातून बघा, किती धावपट्टी मागे पडली. मग तेच विमान, तेच वजन, पण समुद्रसपाटीवरचं विमानतळ आणि १५ अंश. इंजिनात जादा हवा दाबून भरणारा सुपरचार्जर असला तरी दोन्हींत ठळक फरक पडायलाच हवा. आमच्या पॅकेजमध्ये फरक जेमतेम होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वजनाच्या पानावर ५,१०० भरताच येईना. पट्टी त्याआधीच लाल होत होती. तेव्हा डोळे उघडले.

चाचणीआधी सेटिंग्जमध्ये फ्लाइट मॉडेल "मॉडर्न" ठेवा आणि ऑटो-रडरसकट (शेपटीचं सुकाणू आपोआप सांभाळणारी सोय) सगळ्या मदती बंद करा. त्या चालू असतील तर चांगलं-वाईट विमान सारखंच वाटतं. मदती बंद असताना पूर्ण थ्रॉटल दिल्यावर बीव्हरचं नाक डावीकडे ओढलं जातं आणि रडरच्या पेडलवर उजवा पाय दाबावाच लागतो. शेपटीचं चाक असलेलं विमान पाय न लावता रेघ ओढल्यासारखं सरळ पळत असेल तर काहीतरी चुकलेलं आहे.

इंधनाचं पान हा सर्वांत सोपा पुरावा; उड्डाणसुद्धा करावं लागत नाही. बीव्हरच्या मुख्य टाक्या पंखांत नसतात, पोटात असतात: पुढची, मधली आणि मागची, मिळून सुमारे ९५ अमेरिकन गॅलन. काही बीव्हरना पंखांच्या टोकांना जादा टाक्या असतात, त्यामुळे आणखी दोन दिसल्या तर हरकत नाही. पण पोटातल्या तीन हव्यातच. आमच्या पॅकेजमध्ये दोनच होत्या, डावी आणि उजवी, प्रत्येकी २८ गॅलन. ही सेसना १७२ ची मांडणी आहे, आकड्यासकट.

फ्लॅप बघा, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या फळ्या. खऱ्या बीव्हरमध्ये ते हायड्रॉलिक असतात आणि पायलट सीटशेजारचा दांडा हाताने पंप करून खाली आणतो. पॅनेलवरच्या दर्शकावर अंशांऐवजी क्रूझ, क्लाइम्ब, टेक-ऑफ, लँडिंग असे शब्द असतात. सिममध्ये दांडा प्रत्येक वेळी पंप करावा लागलाच पाहिजे असं नाही, एका बटणावर फ्लॅप सरकले तरी चालेल. पण फ्लॅप खाली जाताना दोन्ही ऐलरॉनही (पंखांच्या टोकांकडच्या, विमान कलवणाऱ्या फळ्या) थोडे खाली झुकतात, हे बाहेरून दिसायलाच हवं. ज्याने खरं विमान अभ्यासलं तो हे विसरत नाही. आमच्याकडे ऐलरॉन जागचे हललेही नाहीत.

मग इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा, काटा वाचा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो, म्हणजे समुद्रसपाटीवर जवळजवळ ३० इंच आणि जॉन्सन क्रीकवर २५ च्या आसपास. तो शून्यावर पडलेला असेल तर मीटर केवळ शोभेला आहे. इंजिन चालू करून कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा दांडा) ओढल्यावर काटा थोडा उतरतो का, तेही बघा. इंजिनात तेल ओतायचं तोंड बीव्हरच्या कॉकपिटमध्येच असतं, उडता उडता तेल घालता यावं म्हणून. तिथे कॅमेरा जवळ न्या. खऱ्या मॉडेलमध्ये झाकणाला गोलाई असते. आमच्याकडे सपाट पत्र्यावर झाकणाचं चित्र होतं आणि शेजारची अक्षरं फुटलेली.

फाइली उघडता येत असतील तर पाच मिनिटांत उलगडा होतो. सिमच्या अधिकृत मार्केटप्लेसमधल्या बऱ्याच विमानांच्या फाइली कुलूपबंद असतात, तिथे वरच्या चाचण्यांवरच भागवावं लागतं. पण झिप म्हणून मिळालेलं विमान सिमच्या कम्युनिटी फोल्डरमध्ये (बाहेरून आणलेल्या गोष्टी ठेवायची जागा) टाकलं की आतलं सगळं नोटपॅडमध्ये वाचता येतं. सिमऑब्जेक्ट्स, मग एअरप्लेन्स, मग विमानाचा फोल्डर, आणि त्यातली फ्लाइट मॉडेल ही सीएफजी, म्हणजे सेटिंग्जची, फाइल. "मॅक्स ग्रॉस वेट" या ओळीपुढे आमच्याकडे २,५५० होतं. सेसना १७२ एस चं कमाल वजन हेच, आणि बीव्हरच्या बरोबर निम्मं. खाली इंधनाच्या विभागात "लेफ्ट मेन" आणि "राइट मेन". पोटातल्या टाक्यांसाठी तिथे "सेंटर १, २, ३" किंवा तशाच नावाच्या तीन टाक्या दिसायला हव्या होत्या. इंजिनाच्या फाइलमध्ये तेवढी अश्वशक्ती बदललेली.

पॅकेजची माहिती देणाऱ्या मॅनिफेस्ट फाइलमधलं "क्रिएटर" आणि एअरक्राफ्ट सीएफजीमधलं निर्मात्याचं नाव जुळतं का ते बघा. आमच्याकडे एक रिकामं होतं. मॉडेलच्या एक्सएमएल फाइलमध्ये लांबून दिसण्यासाठीची हलकी रूपं किती आहेत ते मोजा. नीट केलेल्या विमानात ती अनेक असतात, इथे एकच होतं, म्हणूनच विमानतळावर फ्रेम कोसळायच्या, म्हणजे चित्र अडखळायचं. आणि टेक्स्चरच्या (विमानावरच्या रंग-चित्रांच्या) फोल्डरमध्ये एका विनामूल्य मॉडेलच्या मूळ निर्मात्याची रीडमी, म्हणजे सूचनांची फाइल, तशीच राहून गेली होती. विक्रीला मनाई असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे आम्ही तर फसलोच, पण ज्याने कित्येक रात्री जागून तो सांगाडा घडवला आणि सगळ्यांना फुकट दिला, त्याची मेहनतही विकली गेली. याचं वाईट जास्त वाटलं.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे तीनच स्क्रीनशॉट मागा: वजनाचं पान, इंधनाचं पान, आणि इंजिन बंद असतानाचं पॅनेल. सूर्यास्त, तळं आणि डोंगर दाखवणाऱ्या व्हिडिओत या तीन गोष्टी कधीच नसतात. खरा निर्माता हे आनंदाने देतो. टाळाटाळ झाली, व्यक्तीच्या खासगी यूपीआयवर पैसे मागितले, बिल नाही म्हणाला, किंवा अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉलर चालवायला सांगितलं, तर तिथेच थांबा. विमान म्हणजे नुसता फोल्डर असतो, त्याला अँटिव्हायरस बंद करण्याची गरज नाही.

पैसे गेले असतील तर वाट बघू नका. "पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करतो" हे उत्तर फक्त वेळ काढण्यासाठी असतं, आम्ही त्यात दोन आठवडे घालवले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही लेखी कळवा. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक (व्यवहाराची ओळख) जवळ ठेवा. कार्डाने दिले असतील तर "वर्णनाप्रमाणे माल नाही" या कारणाखाली बँकेत डिस्प्यूट, म्हणजे व्यवहारावर हरकत, टाका. त्याला मुदत असते. जाहिरातीचं पान आणि सगळं बोलणं तारखेसकट स्क्रीनशॉट करून ठेवा, कारण तक्रार केली की पान गायब होतं. कम्युनिटी फोल्डरमधून ते विमान काढून टाका, पण मूळ झिप जशीच्या तशी जपून ठेवा, आणि २,५५० ची ओळ दाखवणारा नोटपॅडचा फोटो तक्रारीला जोडा.