सोलापूरच्या नवी पेठेतलं चादरीचं दुकान: आधी कसोटी, मग थप्पी

दुकानदार आधी चारच चादरी उलगडतो, हे बरंच आहे. पन्नास डिझाइनं समोर पडली की गिऱ्हाइकाचं डोकं चालेनासं होतं. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमनने 1956 मध्ये ‘सॅटिसफायसिंग’ म्हटलं ते हेच: सर्वोत्तम शोधत न बसता पुरेशा चांगल्यावर थांबणं. म्हणून कसोट्या घरूनच ठरवून या. चादर टेपने मोजा, सांगितलेल्या मापाइतकी भरली पाहिजे. ओल्या पांढऱ्या रुमालाने गडद रंग घासा. जकार्डची, म्हणजे कापडातच विणलेली नक्षी मागच्या बाजूला रंग पालटून दिसते. छापील माल मागून नुसता फिकट. सगळ्या कसोट्यांत बसेल ती पहिली चादर घ्या.

खटकतं एकच: सुरुवातीला मुद्दाम महागडी दाखवतात, मग पुढची आपोआप स्वस्त वाटते. आणि चादर तोलायला वजनकाटा मागितला की मालक कुरकुरतो.