गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपी केंद्र: बारा सत्रांनंतरचा अभिप्राय

वयाच्या ६३ व्या वर्षी, उजव्या गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातासाठी, मी डोंबिवली पूर्वेतील एका खासगी फिजिओथेरपी केंद्रात सहा आठवड्यांत बारा सत्रे पूर्ण केली. त्याविषयीचा हा अभिप्राय आहे. केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत आणि त्या मी तेथे समक्ष बोलून दाखवल्या आहेत. शिवाय ज्या गोष्टींवरून माझे मत बनले, त्या कोणत्याही केंद्रात गेल्यावर पडताळून पाहता येतील. नोकरीची सारी वर्षे लेखा विभागात गेल्यामुळे दुखण्याची आणि खर्चाची रोजची नोंद वहीत ठेवण्याचा मोह मला आवरला नाही, आणि पुढील आकडे त्या वहीतलेच आहेत.

रेल्वे पुलाचा जिना चढताना मला फारसा त्रास होत नसे. उतरताना मात्र कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत आणि मागच्यांची वाट अडवत उतरावे लागे. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहून तिसऱ्या श्रेणीची झीज असल्याचे सांगितले. शून्य ते चार (चार म्हणजे सर्वाधिक झीज) अशी ही श्रेणी केलग्रेन आणि लॉरेन्स या संशोधकांनी १९५७ मध्ये मांडली आणि आजही तीच वापरली जाते. ‘गॅप कमी झाली आहे’, म्हणजे सांध्यातील हाडांमधले अंतर कमी झाले आहे, हे ऐकून मी घाबरले होते, पण शस्त्रक्रियेची घाई नको, आधी मांडीचे स्नायू बळकट करा, असे सांगून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. नात्यागोत्यातील सल्ले याच्या नेमके उलट होते. गुडघ्यातले वंगण संपले आहे, तेव्हा चालणे कमी कर, जिना टाळ, खाली बसू नकोस, असे प्रत्येकाने बजावले होते आणि वर्षभर मी ते इमानाने पाळलेही होते. त्या वर्षभरात दुखणे कमी झाले नाही. उजवी मांडी मात्र डावीपेक्षा उघड दिसण्याइतकी बारीक झाली.

पहिल्या दिवसाची तपासणी ही या केंद्राची सर्वांत जमेची बाजू म्हणावी लागेल. फिजिओथेरपिस्ट तरुण होत्या. एक्स-रे बाजूला ठेवून त्यांनी आधी विचारले, “काकू, कोणती गोष्ट करता येत नाही म्हणून तुम्ही इथे आलात?” मी दोन गोष्टी सांगितल्या: पुलाचा जिना उतरणे आणि पूजेला पाटावर बसून विनाआधार उठणे. त्यानंतर त्यांनी बिनहाताच्या खुर्चीवरून, हात छातीशी घेऊन, तीस सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा उठायला-बसायला सांगितले. माझी मोजणी आठवर थांबली. माझ्या वयोगटातील स्त्रीला बारा वेळा तरी जमायला हवे, असे त्या म्हणाल्या. चालण्याचा वेग, गुडघा किती अंशांत वाकतो, कमरेच्या बाजूच्या स्नायूंत किती जोर आहे, हे सारे पाहून कागदावर मांडण्यात पाऊण तास गेला. नुसते ‘कुठे दुखते’ एवढे विचारून थेट पलंगावर झोपवणाऱ्या ठिकाणी मी पूर्वी गेले होते, म्हणून हा फरक मला विशेष जाणवला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र यंत्रे सुरू झाली. ओल्या स्पंजाच्या गाद्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना बांधून आयएफटीचा (इंटरफेरेन्शियल थेरपीचा) मुंग्या आणणारा विद्युतप्रवाह, त्यानंतर कधी अल्ट्रासाउंड, म्हणजे ध्वनिलहरींचा उपचार, कधी गरम पिशवीचा शेक, असा वीस-पंचवीस मिनिटांचा कार्यक्रम प्रत्येक सत्राच्या आरंभी असे. तो सुखाचा असतो, हे मान्य केले पाहिजे; पंखा सुरू आहे, गुडघा उबदार आहे, शेजारच्या पलंगावरच्या बाईंची सून कशी आहे ते आपोआप कळते आहे. परंतु उपचारांविषयी सूचना देणाऱ्या ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, आयएफटी, टेन्स (त्वचेवाटे सौम्य विद्युतप्रवाह देणे) आणि अल्ट्रासाउंड या उपचारांच्या लाभाचा पुरेसा पुरावा नसल्यामुळे ते या संधिवातासाठी देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. व्यायाम मात्र त्याच सूचनांनी प्रत्येक रुग्णासाठी सुचवला आहे. चौथ्या सत्राला मी हे विचारले, तेव्हा मिळालेले उत्तर प्रामाणिक होते: “याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं काकू, गुडघ्यात बदल होत नाही, पण मशीन लावलं नाही तर लोकांना वाटतं, काही केलंच नाही.” उत्तर पटले, पण ५०० रुपये देऊन मिळणाऱ्या प्रत्येक सत्रातला निम्मा वेळ या समजुतीपोटी खर्च होतो, हेही खरे. पाचव्या सत्रापासून मी यंत्रे नको म्हणून सांगितले आणि तो वेळ व्यायामाला मागितला. वेळ मिळाला, शुल्क मात्र तेवढेच राहिले.

व्यायामाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण या केंद्रात पैसे देण्याजोगी गोष्ट हीच आहे. पहिल्या आठवड्यात गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दहा आकडे मोजेपर्यंत खाली दाबणे, पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे आणि उताणे झोपून कंबर उचलणे, एवढेच होते, आणि हे मी घरीही केले असते असे मला वाटले. तिसऱ्या सत्रापासून खुर्चीवरून उठबस आली. आधी उंच खुर्ची, मग नेहमीची, मग हातात दोन किलोचे वजन. चार इंचांच्या लाकडी ठोकळ्यावर चढणे-उतरणे सुरू झाले, ते पाचव्या आठवड्यात सहा इंचांवर गेले. बाजूला पाय नेण्यासाठीचा रबरी पट्टा पिवळ्यावरून लाल आणि लालवरून हिरव्या रंगाचा झाला. घरी एकटीने करताना मी पहिल्याच पायरीवर महिनोन्महिने रेंगाळले असते, कारण जे सोपे झाले आहे ते अवघड करण्याची बुद्धी आपली आपल्याला होत नाही. पुढची पायरी केव्हा चढायची हे ठरवणारा आणि गुडघा आत वळू लागला की टोकणारा माणूस समोर असणे, यासाठीच मी ५०० रुपये देत होते, असे आता वाटते.

दुखण्याविषयीचा त्यांचा नियमही इथे नोंदवला पाहिजे. शून्य ते दहा या मोजपट्टीवर दोनपर्यंत दुखले तर निश्चिंत राहावे, तीन ते पाच दुखले तर चालेल, पाचच्या वर गेले तर व्यायाम हलका करावा, आणि वाढलेले दुखणे चोवीस तासांत पूर्वपदावर यायला हवे. तिसऱ्या सत्रानंतर मांड्या इतक्या भरून आल्या की मी सोडून देण्याच्या विचारात होते. हा नियम माहीत नसता तर व्यायामाने गुडघा आणखी झिजला असेच समजले असते. गुडघ्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, हालचालीमुळे सांध्यातील द्रव आतबाहेर होतो त्यातूनच तिचे पोषण होते, हे मला याच निमित्ताने कळले. वर्षभर पाय जपून ठेवण्याचा माझा उद्योग किती उफराटा होता, ते तेव्हा उमगले.

मात्र हे सारे मी विचारून विचारून मिळवले, आणि ही माझी मुख्य तक्रार आहे. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघा आणि खुबा यांच्या संधिवातासाठी ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम चालतो. त्यात देखरेखीखालील बारा व्यायामसत्रांच्या आधी, आजार म्हणजे काय आणि व्यायाम का करायचा, हे समजावून देणाऱ्या दोन बैठका असतात. आमच्या केंद्राने बाराचा आकडा घेतला, त्या दोन बैठका घेतल्या नाहीत. वजनाबाबतही ‘थोडं कमी करा’ यापलीकडे कोणी काही सांगितले नाही. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले होते की शरीराचे वजन एक किलोने उतरले तर दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने उतरतो. एवढे एक वाक्य भिंतीवर लावले असते, तरी माझ्यासारख्या ७४ किलोच्या बाईने साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी वाटी घेताना विचार केला असता.

इतर तक्रारी किरकोळ आहेत, तरी नव्या माणसाला उपयोगी पडतील. गुडघ्याच्या रुग्णांसाठीचे हे केंद्र पहिल्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही. तो जिना हीच पहिली चाचणी, असे तेथे विनोदाने म्हणतात, पण वॉकर घेऊन आलेल्या आजोबांना तो विनोद वाटत नव्हता. संध्याकाळी सहानंतर एका फिजिओथेरपिस्टकडे चार-चार रुग्ण असतात आणि मोजणी आपली आपणच ठेवावी लागते. सकाळी अकराच्या सुमारास मात्र पूर्ण लक्ष मिळते. घरी करण्याच्या व्यायामांचा कागद इंग्रजीत आणि अंधुक छायाप्रतीचा आहे. गल्ल्याशेजारी गुडघ्याचे पट्टे आणि तेलाच्या बाटल्या विक्रीला ठेवलेल्या असतात. घ्या म्हणून आग्रह नाही, पण उपचारांच्या जागी ते दुकान खटकते.

आता निष्पत्ती. बाराव्या सत्राला तीस सेकंदांतील उठबस आठवरून तेरावर गेली. जिना उतरतानाचे दुखणे सहावरून तीनवर आले, आणि आता मी कठड्याला नुसता हात लावून, एका पायरीवर एकच पाय ठेवत उतरते. पाटावर बसता येते. उठताना मात्र अजूनही शेजारच्या स्टुलाचा आधार लागतो. झीज होती तेवढीच आहे, आणि ती भरून येईल असे केंद्रानेही कधी सांगितले नाही. व्यायामाने होणारा सरासरी लाभ माफक असतो आणि तो टिकवण्यासाठी व्यायाम चालू ठेवावा लागतो, हे लक्षात घेतले तर माझा निकाल चांगलाच म्हटला पाहिजे. चौथ्या श्रेणीच्या, रात्रीची झोप उडवणाऱ्या दुखण्याला एवढ्याने भागेल असे मी म्हणणार नाही, आणि गुडघा अचानक सुजला, गरम झाला किंवा अडकून बसला, तर फिजिओथेरपीच्या आधी डॉक्टरांकडेच जायला हवे.

खर्च एकूण ६,००० रुपये झाला, रिक्षाचे वेगळे. तुलनेसाठी सांगायचे तर कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने मर्यादा घातली, तेव्हा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरली होती. हा केवळ सुट्या भागांचा दर. शस्त्रक्रिया आणि रुग्णालयाचा खर्च निराळा, आणि त्यानंतर हेच व्यायाम पुन्हा करावेच लागतात.

पाचपैकी साडेतीन तारे देते. अर्धा तारा यंत्रांसाठी, अर्धा समजावून न सांगण्यासाठी आणि अर्धा त्या जिन्यासाठी कापला आहे. हिरवा पट्टा २५० रुपयांना विकत घेऊन आठवड्यातून तीन दिवस घरीच व्यायाम करते. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी करून घेण्यासाठी नाव नोंदवले आहे, आणि वेळ सकाळी अकराची मागून घेतली आहे.