प्लाया देल कार्मेन की पुएर्तो वायार्ता: मित्रांच्या सुट्टीसाठी कुठला समुद्र निवडावा

कॉलेजातल्या पाच जणांनी चाळिशीनंतर एका तारखेवर एकत्र येणं किती कठीण असतं, हे ज्यांनी जमवलंय त्यांनाच ठाऊक. आमच्यातला एक ह्युस्टनला, एक डॅलसला, एक बे एरियात, आणि दोघी मैत्रिणी न्यू जर्सी आणि शिकागोला. वर्षातून चार दिवस हाती लागतात. ते धावपळीत जाऊ नयेत, सगळ्यांनी एका जागी बसून पोटभर बोलावं, एवढीच अपेक्षा असते. त्यासाठी आम्ही मेक्सिकोतली दोन गावं केली. कॅरिबियन बाजूच्या प्लाया देल कार्मेनला २०२२ च्या जूनमध्ये गेलो. पॅसिफिकवरच्या पुएर्तो वायार्ताला आधी २०२४ च्या फेब्रुवारीत आणि मग २०२५ च्या जुलैत. जुलै मुद्दाम निवडला, कारण एका गावाची परीक्षा उन्हाळ्यात आणि दुसऱ्याची हिवाळ्यात घेणं मला पटेना.

ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये, म्हणजे राहणं-खाणं एकाच दरात असलेल्या हॉटेलात, काय काय मिळतं, तरणतलाव किती, खोल्या कशा, यात शिरत नाही. दोन्हीकडे पैशाच्या मानाने सोय सारखीच वाटली. विमानाचं गणितही सोपं आहे: पूर्वेकडच्यांना कानकून (प्लायासाठी विमान इथे उतरतं) जवळ, कॅलिफोर्नियावाल्यांना वायार्ता, टेक्सासवाल्यांना दोन्ही सारखंच. भारतीय पासपोर्ट असेल तर त्यावरचा अमेरिकेचा व्हिसा संपलेला नाही ना, एवढं मात्र बघा. नुसतं आय-७९७, म्हणजे अर्ज मंजूर झाल्याचं अमेरिकी सरकारचं पत्र, दाखवून मेक्सिकोत शिरता येत नाही. आमच्यातल्या एकाला हे अगदी शेवटच्या आठवड्यात कळलं होतं.

प्लायाबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच खूप आहे. पाण्याचा तो रंग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. वाळू पांढरी, पिठासारखी मऊ आणि भर दुपारी बाराला अनवाणी चाललं तरी पाय न भाजणारी. समुद्रात शिरून छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं तरी नखं दिसतात. किंता आवेनिदा, म्हणजे पाचवी गल्ली, ही पायी फिरायची लांबलचक बाजारपेठ किनाऱ्याला समांतर जाते, आणि कोसुमेल बेटाची फेरीबोट पाऊण तासात पोचवते.

आणि सेनोते! युकातानची, म्हणजे प्लाया ज्यावर आहे त्या द्वीपकल्पाची, सगळी जमीन चुनखडीची, त्यामुळे वरून नदी वाहत नाही. पावसाचं पाणी झिरपत खाली जातं आणि जमिनीच्या पोटात साठतं. जिथे छत ढासळलं तिथे विहिरीसारखा डोह उघडा पडतो. आम्ही एका सेनोतेत उतरलो तेव्हा आधी शॉवरखाली उभं करून अंगावरचं सनस्क्रीन धुवायला लावलं, आणि ते योग्यच होतं. ते पाणी इतकं नितळ आहे की त्यात तेलाचा तवंग बघवणार नाही. पायऱ्यांच्या बाजूला एका झाडाच्या खोडावर जुन्या तिरक्या खाचा होत्या. वाटाड्या म्हणाला, हे चिकोसापोते. म्हणजे आपला चिकू! हे झाड मूळचं या भागातलं. त्याच्या चिकापासून पूर्वी च्युइंग गम बनायचा, त्यासाठी पाडलेल्या त्या खाचा. डहाणूजवळच्या घोलवडची आमची मैत्रीण त्या खोडावर हात ठेवून बराच वेळ उभी होती.

एवढं सगळं असूनही मी आज प्लायाकडे सहज बोट का दाखवत नाही, ते सांगतो.

पहिल्या पहाटे साडेपाचला ट्रॅक्टरच्या आवाजाने जाग आली. गॅलरीत गेलो तर किनाऱ्यावर डावीकडून उजवीकडे, नजर पोचेल तिथवर, तपकिरी बांध घातल्यासारखा दिसत होता. गुडघ्याएवढा उंच. पंधरा-वीस माणसं दाताळ्यांनी तो उपसून हातगाड्यांत भरत होती. हेच सारगासो. खोल समुद्रात तरंगणारं शेवाळ, ज्याला द्राक्षांसारख्या हवा भरलेल्या बारीक गोळ्या असतात. भर समुद्रात ते कासवांच्या पिल्लांचं आणि माशांचं घर असतं, तिथे त्याचा कुणाला त्रास नाही. पण २०११ पासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत याचा एक प्रचंड पट्टाच अटलांटिकमध्ये तयार होऊ लागलाय. उपग्रहातून दिसतो तो. वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत वारा आणि प्रवाह त्याला या किनाऱ्यावर आणून टाकतात. मेक्सिकोचं नौदल समुद्रात अडसर टाकतं, बोटींनी ते उचलतं. तरीही बरंचसं येतंच.

मी खाली उतरून त्या माणसांपैकी एकाला मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, संपलं का आजचं? त्याने घाम पुसला, समुद्राकडे बघितलं आणि म्हणाला, "मान्याना, मास." उद्या, आणखी. त्या कष्टांबद्दल मला आजही आदर आहे. पण त्याचं ते वाक्य खरं ठरलं. सकाळी दहापर्यंत किनारा साफ व्हायचा आणि दुपारी जेवून येईपर्यंत पुन्हा भरायचा. काठाजवळचं पाणी कोऱ्या चहासारखं गडद. आत शिरलं की पायाला काहीतरी सतत घासतंय.

आणि वास. हे शेवाळ वाळूवर सडायला लागलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास म्हणतात तोच. कोकणात वाढल्यामुळे सुक्या मासळीच्या वासाने मला काही होत नाही, उलट तो घरचा वाटतो. हा तसा नव्हता. तो घशात बसतो आणि डोकं जड करतो. चौथ्या दिवशी शिकागोच्या मैत्रिणीने पाय वर करून जोडवी दाखवली. लग्नापासून घातलेली चांदीची जोडवी काळीठिक्कर पडली होती. चार दिवस ती त्या किनाऱ्यावर अनवाणी चालली, एवढंच कारण. घरी जाऊन रांगोळीने घासल्यावर उजळली म्हणे. पण त्या काळ्या जोडव्यांकडे बघताना मला वाटलं, आपण चार दिवस नक्की कशात श्वास घेतोय?

हॉटेलकडे तक्रार केली. त्यांनी नम्रपणे सांगितलं की निसर्गापुढे इलाज नाही. ते खरंच होतं. माझं दुखणं वेगळं आहे: बुकिंग करताना जूनमध्ये काय असू शकतं हे कुणी एका ओळीनेही सांगितलं नव्हतं.

वासापेक्षाही मोठं नुकसान झालं ते असं की आम्ही पांगलो. किनाऱ्यावर बसवत नाही म्हटल्यावर दोघं कोसुमेलला गेले, एक जण तुलुमचे माया लोकांचे अवशेष बघायला, आणि आम्ही दोघं तलावाकाठी मोठ्या आवाजातल्या गाण्यांत बसलो. संध्याकाळी भेटायचो ते दमून. जमलो होतो बोलायला आणि चार दिवस टॅक्सीचे दर ठरवण्यात गेले.

वायार्ताबद्दल माझ्या फार अपेक्षा नव्हत्या. पॅसिफिकचं पाणी गडद, लाटा जास्त, वाळू सोनेरी-करडी आणि दुपारी चांगलीच तापणारी. फोटोत प्लाया नेहमीच जिंकेल. शिवाय विमानतळावर कस्टमच्या दारातून बाहेर पडताच टाइमशेअर (सुट्टीच्या घरातला वाटा) विकणाऱ्यांची जी रांग लागते ती सहन करावी लागते. ते टॅक्सीवाल्याच्या थाटात हाक मारतात. थांबायचं नाही, कुणाच्या काउंटरशी बोलायचं नाही, सरळ उन्हात बाहेर यायचं. समोरच्या पादचारी पुलावरून रस्ता ओलांडला की पलीकडे उबर स्वस्तात मिळते आणि वीसेक मिनिटांत गावात. कानकूनहून प्लायाला यायला तासभर लागतो, हा फरक चार दिवसांच्या सुट्टीत जाणवतो.

पण संध्याकाळ झाली आणि माझं मन तिथेच ठरलं. माझं बालपण हर्णैला गेलं. माझ्यासाठी समुद्र म्हणजे सूर्य बुडताना बघायची जागा. प्लायाचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. तिथे सूर्योदय देखणा होतो, पण संध्याकाळी सूर्य हॉटेलांच्या मागे जातो आणि समुद्र आधीच काळोखतो. वायार्तात सूर्य पाण्यात उतरतो. बांदेरास उपसागराच्या दोन्ही बाजूंना सिएरा माद्रेचे हिरवे डोंगर, आणि मालेकोनवर, म्हणजे गाड्यांना बंदी असलेल्या समुद्रकाठच्या फरसबंदीवर, अख्खं गाव उतरलेलं. आज्या नातवंडांना घेऊन बसलेल्या, मक्याची गाडी, चर्चच्या कळसावरचा मुकुट उजळलेला, आणि पापान्तलाचे खेळिये उंच खांबावरून दोराला उलटे लटकून गोल गोल फिरत खाली येतायत. आम्ही पाचही जण एका कठड्यावर बसलो होतो. दोन तास कुणी फोन काढला नाही.

त्याच कठड्यापाशी तुबावाला आला. खांद्यावर मोठा सुका भोपळा, त्यातून पेल्यात पांढरट पेय ओतलं, वर सफरचंदाचे आणि अक्रोडाचे तुकडे. एक घोट घेतला आणि डॅलसचा मित्र ओरडलाच, "अरे, ही तर नीरा!" खरोखर नीराच. माडाचा रस. मनिलाहून आकापुल्कोला २५० वर्षं ये-जा करणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून फिलिपिनो लोक आले आणि माड छेवण्याची कला त्यांनी या किनाऱ्यावर आणली. त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही त्या माणसाची वाट बघायचो.

दुसऱ्या दिवशी बोका दे तोमातलानहून होडीने येलापाला गेलो. वाळूवर बायका डोक्यावर टोपल्या घेऊन नारळाचे आणि लिंबाचे "पाय" (गोड सारण भरलेला केकसारखा पदार्थ) विकतात, ते नक्की खा. फेब्रुवारीत उपसागरात हंपबॅक देवमासे असतात, साधारण डिसेंबर ते मार्च. परतताना नावाड्याने इंजिन बंद केलं आणि आम्हाला पाण्यात डोकं बुडवून गप्प राहायला सांगितलं. खालून एक लांब, कण्हल्यासारखा सूर येत होता. देवमाशाचं गाणं. बे एरियाचा मित्र डोळे पुसत वर आला, आणि ते सगळंच खारं पाणी समुद्राचं नव्हतं.

जुलैचं प्रामाणिकपणे सांगतो. दमट उकाडा आहे, अगदी मे अखेरच्या रत्नागिरीसारखा. संध्याकाळी डोंगरावरून ढग उतरतात, तास-दोन तास कडकडाटासह कोसळतात आणि मग हवा धुतल्यासारखी होते. पावसानंतर नद्यांच्या मुखांपाशी समुद्र गढूळ होतो, त्या दिवशी तिथे पोहू नये. प्लाया लॉस मुएर्तोसला लाट काठावरच आपटते, कच्च्या पोहणाऱ्यांनी जपावं. गावातले रस्ते गोटे बसवलेले आणि चढाचे, गुडघे दुखत असतील तर खालच्या सपाट भागातच राहा. यातल्या कशानेही आमची संध्याकाळ हिरावली नाही, पण तुमचं वेगळं असू शकेल.

खाण्याचं दोन्हीकडे जवळपास सारखं. शाकाहारी असाल तर "सिन कार्ने, सिन मान्तेका" हे चार शब्द पाठ करा. मांस नको आणि डुकराची चरबी नको. निरागस दिसणाऱ्या शिजवलेल्या घेवड्यातही चरबी असते, न्यू जर्सीच्या मैत्रिणीला हे दुसऱ्या दिवशी समजलं आणि तिला फार वाईट वाटलं. मक्याची गरम तोर्तिया मात्र भाकरीची आठवण करून देते. मासे खाणाऱ्यांनी वायार्तात सारान्देआदो घ्यावा, उभा चिरून मसाला लावून निखाऱ्यावर भाजलेला. त्याला तोड मला तरी दिसली नाही.

तेव्हा असं म्हणेन: तुमचा ग्रुप पाण्यात बुडी मारणाऱ्यांचा असेल, अवशेष आणि सेनोते बघायची ओढ असेल आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत निघता येत असेल, तर प्लायाला जरूर जा. त्या दिवसांत सारगासो बहुधा त्रास देत नाही. उन्हाळ्यातच जावं लागलं आणि मन प्लायावरच असेल, तर राहण्यासाठी कोसुमेलची पश्चिम बाजू किंवा इस्ला मुहेरेसची उत्तरेकडची वाळू बघा, तिथे शेवाळ कमी येतं. आणि निघण्याआधीच्या आठवड्यात त्या किनाऱ्याचे ताजे फोटो शोधून पाहा, हॉटेलचे नव्हेत. दोन्ही राज्यांसाठी, म्हणजे किंताना रो आणि हालिस्को, अमेरिकी परराष्ट्र खात्याची सूचनाही तेव्हाच वाचून घ्या.

पण पाच मित्रांनी एका ठिकाणी निवांत बसायचं असेल आणि तारीख आपल्या हातात नसून मुलांच्या शाळेच्या हातात असेल, तर मी वायार्ताच सुचवेन. आमचं पुढच्या फेब्रुवारीचं बोलणं चालू आहे. या वेळी हॉटेल मालेकोनपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यायचं, एवढी एकच अट शिकागोच्या मैत्रिणीने घातली आहे.