दहा जणांचा मुंबईतील मुक्काम: दादर, बोरीबंदर की ठाणे?

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत जळगाव-धुळ्याकडचे कुटुंब मुंबई पाहायला निघते, तेव्हा दोघे भाऊ, दोघी जावा, मुले आणि आई-वडील धरून संख्या सहज दहावर जाते. मुंबईतील हॉटेलांच्या खोल्या मात्र दोन माणसांसाठी असतात आणि जाहिरातीतला दरही दोघांचाच असतो. म्हणून खोलीच्या दरावरून स्वस्त-महाग ठरवणे मोठ्या कुटुंबाला परवडत नाही. पूर्ण कुटुंबाला एका रात्रीचा एकूण खर्च किती येतो आणि त्या जागेवरून रोज बाहेर पडायला किती पैसे व किती दमछाक लागते, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. पुढील तुलना सहा मोठी माणसे आणि चौदा, अकरा, सात व चार वर्षांची मुले असे कुटुंब धरून केली आहे.

जागा ठरवण्यापूर्वी आपली गाडी कोठे उतरवते ते पाहावे, कारण खानदेशातून मुंबईला जाणारे सगळे एकाच दाराने शहरात शिरत नाहीत. भुसावळ, जळगाव आणि चाळीसगावचे प्रवासी मनमाड-नाशिकमार्गे मध्य रेल्वेने कल्याण-ठाण्यावरून येतात. त्यांतल्या काही गाड्या दादरवरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या बोरीबंदरला जातात, तर उत्तर भारतातून येणाऱ्या अनेक गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसलाच संपतात. तेथून सामानासह दक्षिण मुंबई गाठणे हा वेगळाच प्रवास होतो. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरचे लोक सुरतमार्गे पश्चिम रेल्वेने येतात आणि बोरिवली, वांद्रे किंवा मुंबई सेंट्रल भागात उतरतात. खाली ठाण्याबद्दल जे म्हटले आहे ते त्यांनी बोरिवलीबद्दल समजावे. धुळे-शिरपूरकडून स्वतःच्या गाडीने येणारे मुंबई-आग्रा महामार्गाने येतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्यामुळे त्यांना कसाऱ्याचा घाट टाळता येतो, आणि मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर 2024 पासून माफ आहे. त्यांच्यापुढे खरा प्रश्न गाडी उभी करण्याचा असतो आणि तो दादर किंवा फोर्टमध्ये सुटत नाही, त्यामुळे त्यांनी ठाण्याचाच विचार करावा.

बोरीबंदर-फोर्ट भागाचे आकर्षण उघड आहे: गेटवे, वस्तुसंग्रहालय आणि मरीन ड्राइव्ह हाताशी असतात व घारापुरीची बोट गेटवेवरूनच सुटते. तरीही मोठ्या कुटुंबाला मी ही जागा सहसा सुचवणार नाही. येथील स्वस्त लॉज बहुधा जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर असतात, जिने उभे असतात, लिफ्ट असलीच तर दोन-तीन माणसांपुरती, आणि कमी दराच्या खोल्यांना अनेकदा खिडकीच नसते. त्यात गुडघे दुखणारी आई आणि झोपेत उचलून न्यावे लागणारे चार वर्षांचे मूल असेल, तर दिवसभर फिरून आल्यावर हा जिना नकोसा होतो. शिवाय एका खोलीत तीनच माणसे मावत असल्याने चार खोल्या घ्याव्या लागतात, आणि त्या एकाच मजल्यावर मिळतील याची खात्री नसते.

दादरचे पारडे वेगळे आहे. मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही मार्गांच्या लोकल येथे थांबतात. ‘मेट्रो 3’ ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 पासून थेट कफ परेडपर्यंत धावू लागल्याने सिद्धिविनायक, हुतात्मा चौक आणि चर्चगेट या भागांत लोकलच्या धक्काबुक्कीविना जाता येते. आजी-आजोबांना ही सोय फार मोठी आहे. घरगुती मराठी जेवण पायी अंतरावर मिळते. गैरसोय आहे ती गजबजाटाची आणि तारखांची. 6 डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात, त्या आठवड्यात सहलीसाठी दादरला खोली शोधू नये. गणेशोत्सवातही येथे मोठी गर्दी असते.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत दोन-तीन खोल्यांची स्वयंपाकघरासह सजवलेली सदनिका दिवसाच्या भाड्याने मिळते. तेथे सगळे एका छताखाली राहतात, रात्री मुलांची नावे घेत दारे वाजवत फिरावे लागत नाही आणि कपडे वाळत घालायला जागा मिळते. अशी सदनिका घेताना एक गोष्ट विचारावी: इमारतीच्या सोसायटीची अशा पाहुण्यांना परवानगी आहे का? परवानगी नसेल, तर रात्री अकराला पहारेकऱ्याशी वाद घालण्याची वेळ पाहुण्यांवर येते, मालकावर नव्हे.

आता आकड्यांकडे पाहू. पुढील दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत, हंगामाप्रमाणे ते बदलतात. समजा, दादरला बावीसशेच्या तीन खोल्या घेतल्या आणि चारशे रुपयांच्या दोन जादा गाद्या लागल्या. रक्कम 7,400 होते. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे, पूर्वी तो 12 टक्के होता, त्यामुळे बिल 7,770 रुपये येईल. ठाण्यातील सदनिका साडेसहा हजारांना मिळाली, तर करासह 6,825 रुपये. म्हणजे ठाणे रात्रीला 945 रुपयांनी स्वस्त दिसते. परंतु ठाणे ते बोरीबंदर लोकलचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट 15 रुपये आहे. सात पूर्ण आणि दोन अर्धी तिकिटे धरून जाण्या-येण्याचे अडीचशेच्या आसपास होतात. रिक्षात तीनच माणसे बसतात, म्हणून दहा जणांना स्टेशनपर्यंत चार रिक्षा लागतात. 26 रुपयांचे किमान भाडे धरले तरी दोन वेळचे 208 रुपये झाले. उरलेला फरक पाचशेच्या आतच राहतो, आणि त्यासाठी रोज दोन तास लोकलमध्ये जातात.

मग ठाणे कोणासाठी? जे कुटुंब स्वयंपाकघर खरोखर वापरेल त्याच्यासाठी. दहा जणांचा चहा-नाश्ता बाहेर केला, तर माणशी ऐंशी रुपयांनीही रोज आठशे जातात. घरून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि रात्री कुकरला लावलेली खिचडी, एवढ्यावर भागवणाऱ्या कुटुंबाचा येथे चांगला फायदा होतो. मात्र जावांनी सुट्टीतही दहा जणांचा स्वयंपाक करायचा का, हा प्रश्न घरातल्या पुरुषांनी हिशेब मांडण्यापूर्वी त्यांना विचारलेला बरा.

लोकलच्या वेळेबद्दल दोन शब्द. सकाळी आठ ते अकरा शहराकडे जाणारी गाडी मुलांसह पकडू नये, अकरानंतर निघावे. परतताना बोरीबंदरहून सुटणारी लोकल तेथेच पकडली, तर बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. संध्याकाळी सहाला दादरच्या फलाटावरून ठाण्याकडे दहा जणांनी एकत्र चढणे जवळजवळ अशक्य आहे, आणि दोन जण चढले व आठ राहिले की पुढचा तास फोनवर जातो. रविवारी बहुधा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्गांवरच्या लोकल काही तास बंद ठेवतात. त्या दिवसाचे वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहावे.

दर सांगताना दडणारा खर्च पहाटेच्या गाडीत असतो. खानदेशातून रात्री निघालेली गाडी पहाटे चार-पाचला पोहोचते आणि अनेक हॉटेलांची खोली दुपारी बाराला मिळते. एका वर्षी आम्ही पहाटे पाचला एका लॉजवर पोहोचलो, तेव्हा खोल्या रिकाम्या असूनही अर्ध्या दिवसाचे जादा भाडे घेतल्याशिवाय किल्ल्या मिळाल्या नाहीत; शिवाय फोनवर ‘गाद्या देऊ’ म्हणणाऱ्याने प्रत्येक गादीचे वेगळे पैसे लावले. तेव्हापासून मी चोवीस तासांच्या हिशेबाने भाडे घेणारी लॉज आधी शोधतो, कारण अशा ठिकाणी पहाटे पाचला घेतलेली खोली दुसऱ्या पहाटे पाचपर्यंत आपली असते. दुसरा उपाय रेल्वेच्या विश्रांतिगृहाचा. निश्चित तिकिटाच्या पीएनआरवर त्याचे आरक्षण होते आणि मुक्काम जास्तीत जास्त 48 तासांचा असतो. खोल्या मोजक्या असल्याने सगळ्या कुटुंबाची सोय तेथे होत नाही, पण आई-वडिलांपुरती एक खोली मिळाली तरी सकाळ सुखाची जाते. मुंबई सेंट्रलचे पॉड हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचे हॉटेल, मुलांना पाहायला आवडेल. लहान मुलांसह राहण्याची ती जागा नव्हे.

धर्मशाळांविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या अशा जागा रुग्ण व त्यांच्या नातेवाइकांसाठी आहेत. ओळखीपाळखीने सहलीसाठी तेथे खोली मिळवणे म्हणजे उपचारासाठी आलेल्या कुणाला तरी फुटपाथवर पाठवणे होय. भुलेश्वर, सी. पी. टँक भागातील जुन्या धर्मशाळा आणि निरनिराळ्या समाजांची अतिथिगृहे यांचा विचार मात्र जरूर करावा. तेथे मोठ्या खोल्या असतात व दर माफक असतात. पण समाजाच्या पत्राची अट, रात्री दार बंद होण्याची वेळ आणि जेवणाचे नियम आधी विचारावेत.

संकेतस्थळावर आरक्षण करण्यापूर्वी हॉटेलला थेट फोन करून चार माणसांची एक खोली आहे का, चौदा वर्षांच्या मुलाचे पूर्ण भाडे धरता का, लिफ्ट चालू आहे का आणि सगळ्या खोल्या एका मजल्यावर देता का, हे विचारावे. मिळालेली उत्तरे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागून घ्यावीत. प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र लागते. आजीचे आधार कार्ड घरच्या कपाटात राहिले तर पंचाईत होते.

दोन-तीन रात्रींसाठी मी दादरला पूर्वेकडे, स्टेशनपासून पायी जाता येईल अशा लॉजमध्ये, चोवीस तासांच्या हिशेबाच्या तीन खोल्या घेईन. मुक्काम पाच दिवसांचा असेल किंवा स्वतःची गाडी बरोबर असेल, तर ठाण्याची सदनिका घेईन, आणि मंगळवारी सिद्धिविनायकाला, बुधवारी राणीच्या बागेत व सोमवारी घारापुरीला जाण्याचा बेत कोणत्याही मुक्कामातून करणार नाही: पहिल्या ठिकाणी त्या दिवशी गर्दी उसळते आणि उरलेली दोन त्या त्या वारी बंद असतात.